सतरा नंबरची बाटली

देविदासभाऊ, तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले आणि तेवढ्यात माझ्या हातून तीन बाटल्या फुटल्या. तुम्ही असता तर पहिलीला गप्प बसला असता, दुसरीला "होते मॅडम" म्हणाला असता आणि तिसरीला झाडू माझ्याच हातात दिला असता. आता झाडू मीच आणते, काचा मीच वेचते आणि तुमच्या नावानं बोटं मोडते. एवढं काय अडलं होतं जायचं?

आर्णीच्या आपल्या कॉलेजात तुम्ही एकवीस वर्षं रसायनशास्त्राच्या लॅबचे परिचर होता. मी तिथं मॅडम होऊन आले तेव्हा तुमची दहा वर्षं भरली होती, म्हणून पहिल्या दिवसापासून लॅब तुमची आणि मी पाहुणी. चावी तुमच्याकडे, कपाटाचा क्रम तुमच्या डोक्यात. कुठलाही क्षार मागितला की तुम्ही न बघता हात घालायचा आणि बाटली बाहेर. मी एकदा ते कपाट शिस्तीनं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलं, तर पुढचे पंधरा दिवस कुणालाच काही सापडेना. शेवटी मीच म्हटलं, "लावा बाबा तुमच्या पद्धतीनं." तुम्ही हसला नाहीत. पण दुपारी वहिनींनी दिलेली ठेचा-भाकरी नेहमीपेक्षा मोठ्यानं चावून खाल्लीत, हे मी पाहिलं होतं.

मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "मॅडम, नेमकं करून काय राह्यल्या तुम्ही?" मी फळ्यावर चित्र काढलं. धातूच्या गाठी, त्या गाठींना जोडणाऱ्या सेंद्रिय काड्या, मधे मोकळी घरं, अशी एक बारीक जाळी. दिसायला नुसती पावडर. ती पाण्यात टाकायची, वरून साधा उजेड सोडायचा, सूर्याचा असतो तसा डोळ्यांना दिसणारा. जाळीनं तो उजेड पकडायचा आणि त्याच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन सोडवायचा. तो जाळला की धूर नाही, राख नाही, परत पाणीच. तुम्ही चित्रावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "म्हंजे बाज आहे ही. गाठी, सुतळी अन् मधात भोकं."

मी त्यानंतर कितीतरी ठिकाणी ही जाळी समजावली आहे. बाजेइतकं चटकन कुणालाच काही कळलेलं नाही.

पण समजलं म्हणजे मान्य केलं, असं तुमचं कधीच नव्हतं. पावडर एकटी पाण्यात टाकून भागत नाही. सोबत थोडं मिथेनॉल घालावं लागतं, म्हणजे तिचं अर्धं काम सोपं होतं. मिथेनॉल हा स्पिरिटचा भाऊ, वासावरून तुम्ही लगेच ओळखलात. "पाण्यावर चालते म्हणता, अन् दारू पाजून राह्यल्या त्याले!" मी म्हटलं, हो, सध्या सगळे असंच करतात, आधी एक बाजू जमवायची, मग दुसरी. तुम्ही मान हलवलीत. "असे कामकरी आमच्या तांड्यात लय आहेत मॅडम. दारू पाजली का चालते, उतरली का बसते. निव्वळ पाण्यावर चालन तवा मले हाक मारा." हा वाद आपला सहा वर्षं चालला. तो आता माझ्याकडेच राहिला आहे, आणि खरं सांगायचं तर तुमची बाजू बरोबर होती.

आपल्याकडे गॅस मोजायचं यंत्र नव्हतं. ते नागपूरला, माझ्या मार्गदर्शक सरांकडे. म्हणून बाटलीत गॅस तयार झाला की रबरी बूच गच्च बसवून बाटली तशीच नागपूरला पोचवायची. पहिल्या खेपेला मी स्वतः नेली. पोचेपर्यंत निम्मा गॅस बुचातून पळाला, कारण हायड्रोजनएवढं पळकुटं जगात दुसरं काही नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही म्हणालात, "मी नेतो." घरच्या शेतातला कापूस स्टीलच्या डब्यात दाबून भरलात आणि बाटली त्यात उलटी ठेवलीत, बूड वर, बूच खाली. मी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "थे वरतं पळते न? मंग वरतं काच ठेवली. खाली बुचावर पाणी बसलं. आता पळून कुठं जाईन?" नागपूरला मोजलं तर गॅस जागच्या जागी. पुढं सरांच्या लॅबमध्येही सगळे बाटल्या उलट्या ठेवू लागले.

त्या प्रवासातला कंडक्टरचा किस्सा तुम्ही इतक्यांदा सांगितलात की आता तो मला तोंडपाठ आहे. त्यानं विचारलं, डब्यात काय? तुम्ही म्हणालात, हवा. "हवा कायले नेता नागपूरले? तिथं नाही का?" "आहे, पण आमची आर्णीची जरा हलकी आहे." मग यवतमाळपर्यंत तो तुमच्या शेजारीच बसून होता आणि उतरताना डब्याला नमस्कार करून गेला, असं तुम्ही सांगायचात. नमस्काराचा भाग तुम्ही नंतर जोडला असणार, पहिल्या दोन वेळेला तो नव्हता.

आता चार वर्षांपूर्वीच्या त्या पोळ्याकडे येते. टाळून चालणार नाही, उद्या पुन्हा पोळा आहे.

तुमच्या घरी बैल नव्हते. भावानं ट्रॅक्टर घेतला आणि जोडी विकली, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या तांड्यात बैलांची खांदशेकणी चाललेली, हळद-लोण्यानं जुवाखालचे खांदे चोळताहेत, आवतन देताहेत, आणि तुम्ही मोकळे. मग तुम्ही कॉलेजात आलात. मी घरी गेले होते. वर्षभर राबणाऱ्याचा खांदा शेकल्याशिवाय तुम्हाला राहवेना आणि तुमच्या समोर राबणारे होते कोण? दिवा, बाटलीतलं पाणी सतत फिरवणारी ढवळणी आणि त्या ढवळणीवर उभी असलेली सतरा नंबरची बाटली. तुम्ही खिशातल्या पितळी डबीतून हळद-लोणी काढलंत, दिव्याच्या दांडीला लावलंत, ढवळणीला लावलंत आणि बाटलीचा गळा आतून-बाहेरून चोळलात. त्यांना आवतनही दिलंत. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या तांड्यावर पुरणपोळी खायला आले होते. तोरणाखाली बैल उभे होते, झडत्या सुरू होत्या, एकेक जण पुढं येऊन दोन ओळी फेकत होता. तुम्ही टोपी सरळ केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि खणखणीत आवाजात ठोकून दिलंत:

काच घासली, बूच लावलं, दिवा लावला वर,
पावडर म्हणते झोपू द्या न, उद्या पाहू बरं!

सगळा तांडा हसला. कुणाला काही कळलं नव्हतं, पण एका मॅडमची फजिती चालली आहे एवढं पुरेसं होतं. मीही हसले. कारण खरंच दोन वर्षं माझी पांढरी पावडर झोपून होती. तिला लागतो तो उजेड डोळ्यांना न दिसणारा, जंबुपार. साध्या दिव्यानं तिला जागच येत नव्हती.

आणि बघा, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती जागी झाली. मी सतरा नंबरमध्ये पावडर, पाणी, मिथेनॉल, प्लॅटिनमचा क्षार घातला, दिवा लावला. पाणी पिवळसर दिसलं, पण प्लॅटिनमचा क्षार मुळात पिवळाच असतो, म्हणून मला शंका आली नाही. तुम्ही डबा घेऊन नागपूरला गेलात. संध्याकाळी सरांचा फोन आला, "हायड्रोजन आहे. भरपूर नाही, पण नक्की आहे." मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर माझं नाव घेतलं. महागावला माझ्या आईला फोन केला, तर तिनं विचारलं, "म्हंजे आता गॅसचं सिलिंडर तू घरीच भरशीन का?"

नंतरचे पंधरा दिवस मी तेच पुन्हा करून पाहिलं. आठ वेळा. आठही वेळा नागपूरहून एकच उत्तर आलं, काही नाही. मला झोप लागेना. सरांचा सूर बदलला. एकदा मिळालेलं आणि परत न मिळणारं उत्तर म्हणजे आमच्या धंद्यात खोट्या नाण्यासारखं असतं. मी नववी बाटली भरत होते तेव्हा तुम्ही दारात आलात. हातात पितळी डबी होती. "मॅडम, एक सांगाचं होतं. त्या सतरा नंबराले मी हळद लावलती. पोळ्याची. अन् जराक लोणी."

प्रात्यक्षिकाला बीएस्सीची वीस-बावीस मुलं होती. मी त्यांच्यासमोर तुम्हाला काय म्हणाले, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. वहिनींनासुद्धा नाही, हे मला परवा कळलं. म्हणून मीच सांगते. मी म्हणाले, "तुमचं काम भांडी घासायचं आहे. ती घासा. प्रयोगात बोट घालू नका." आणि सतरा नंबरची बाटली तुमच्याकडे सरकवून म्हणाले, फेकून द्या ही.

तुम्ही "बरं" म्हणालात. बाटली उचललीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी भांडी नेहमीसारखी लखलखीत होती, चहा नेहमीच्या वेळेला आला, चहात साखर नेहमीएवढी होती. मी मनात म्हटलं, विसरले वाटतं. किती सोयीचं असतं, समोरच्यानं विसरलं असं समजणं!

मात्र प्राचार्यांकडे जाऊन पेढे परत घेतल्यासारखं खरं काय ते सांगावं लागलं. ते मी सांगितलं. चूक कुणाची हे मात्र सांगितलं नाही. एवढीच एक बरी गोष्ट माझ्या नावावर आहे, आणि तीसुद्धा अर्धीच.

पण भाऊ, हळदीनं मला सोडलं नाही. हळद घातल्यावर गॅस आला, म्हणजे हळदीनं साधा उजेड पकडला आणि पावडरीला दिला. पांढऱ्यानं जे जमलं नाही ते पिवळ्यानं केलं. एका रविवारी कॉलेज बंद असताना मी चोरून लॅबमध्ये आले. घरून हळद आणली होती, पदराखाली. खलात घोटली, पावडरीला लावली, दिवा लावला. बुडबुडे आले! तासाभरानं कमी झाले, मग थांबले. बाटलीकडे पाहिलं तर पिवळा रंग गेलेला, पावडर पुन्हा पांढरी. मी डोक्याला हात लावून बसले होते आणि मागून तुमचा आवाज आला, "मॅडम, कोंबडीले मसाला लावून राह्यल्या का काय?"

तुम्ही रविवारी झाडांना पाणी घालायला यायचात, हे मी विसरले होते. माझे दोन्ही हात पिवळे, पदर पिवळा, नाकाचा शेंडासुद्धा. आधी तुम्ही हसलात, मग मी. मग आपण दोघं इतके हसलो की तुम्हाला स्टूल ओढून बसावं लागलं. तो माफी मागायचा क्षण होता. अगदी तयार, ताटात वाढलेला. मी त्याऐवजी तक्रार सांगितली की हळद टिकत नाही, उडते.

"थे तर उडनच. तुमच्या वहिनीले विचारलं असतं तर एका मिंटात सांगतलं असतं. हळदीचा डाग उन्हात टाकला का जाते."

"मग काय करू?"

तुम्ही डोकं खाजवलंत. "पोळ्याले आपण बैलाची शिंगं रंगवतो. आठ दिवसात रंग उडून जाते. पन तांबड्या बैलाचा तांबडेपना उडते का? थो चामड्यातला आहे. वरतून फासलेलं किती दिवस राहीन? रंग जनमातच पाह्यजे, मॅडम."

एवढं बोलून तुम्ही झाडांना पाणी घालायला निघून गेलात.

मी तिथंच बसून राहिले. जाळीच्या काडीलाच एक नायट्रोजनचा गट जोडला तर पावडर मुळातच पिवळी होते, हे जगाला ठाऊक होतं. मी स्वतः ते वाचलं होतं, खाली रेघ मारली होती आणि पान उलटलं होतं. तुम्ही बैल पुढं आणून उभा केला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या महिन्यात मी काडी बदलली. पावडर फिक्या पिवळ्या रंगाची झाली, जन्मतःच. साध्या दिव्याखाली तिनं गॅस दिला. दुसऱ्या दिवशी दिला, दहाव्या दिवशीही दिला. नागपूरला पुन्हा आठ बाटल्या धाडल्या, आठही वेळा एकच उत्तर आलं, आहे. तुम्ही डबा घेऊन परत आलात आणि म्हणालात, "बैल चालला."

माझा अख्खा प्रबंध त्या तांबड्या बैलावर उभा आहे.

यंदा फेब्रुवारीत नागपूरला तोंडी परीक्षा झाली. तुम्ही नवा पांढरा सदरा घालून आलात, शेवटच्या रांगेत बसलात, मांडीवर तोच स्टीलचा डबा. डब्यात त्या दिवशी गॅस नव्हता, वहिनींच्या तिळाच्या पोळ्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "ही काडी बदलायची कल्पना कुठून आली?" भाऊ, मी एक क्षण तुमच्याकडे पाहिलं. बैल, शिंगं, हळद, हे सगळं त्या थंडगार सभागृहात, टाय लावलेल्या माणसांसमोर? मी म्हणाले, "संशोधन साहित्याच्या वाचनातून."

तुम्ही मान डोलावलीत. जणू काही मी बरोबर उत्तर दिलं होतं.

परतीच्या एसटीत तुम्ही तिळाची पोळी पुढं केलीत आणि म्हणालात, "ते साहित्य म्हणता थे काय असते?"

"म्हणजे लोकांनी लिहिलेलं. छापलेलं."

"हां. मंग आपलं त्यात नसनच." आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत, अगदी मजेत, पोळी खाल्लीत. त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही कळलेलं नाही. तुमच्या टोमण्याला हळदीसारखाच गुण होता, लागला तेव्हा दिसायचा आणि लगेच उडायचा. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी सरांचे, प्राचार्यांचे, आईचे, नवऱ्याचे आभार मानले आहेत आणि शेवटी एक ओळ आहे, "प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी." सर्व कर्मचारी! आपल्या लॅबला कर्मचारी एकच होता.

आणखी एक गोष्ट मी तीन वर्षं पाहत होते आणि बोलत नव्हते. त्या प्रकारानंतर तुम्ही लॅबमध्ये पुन्हा कधी खांदशेकणी केली नाहीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दिवा पुसायचात, ढवळणी पुसायचात, बाटल्या पालथ्या घालायचात आणि पितळी डबी खिशातच ठेवून घरी जायचात. डबी मला दिसायची. खिसा फुगलेला असायचा. "करा भाऊ, लावा हळद, बाहेरून लावा," एवढंच म्हणायचं होतं. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी म्हणू.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी तुम्ही जेवलात, अंगणातल्या बाजेवर आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तुमच्या भावानं फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बाज. गाठी, सुतळी आणि मधात भोकं. मी रडता रडता हसले आणि मग नुसतीच रडले.

परवा तेरवीला तांड्यावर आले होते. वहिनी धीराच्या आहेत. तुमची म्हातारी आई, तुमची याडी, मात्र येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, देवा कॉलेजातून आला का? जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि तो स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "हे कालेजची वस्तू आहे मॅडम. त्याईनं जपून ठेवलती. परत न्या."

मला वाटलं, कापूसच असेल. झाकण काढलं. कापूस होताच, आणि त्यात बूड वर, बूच खाली अशी एक बाटली. सतरा नंबरची. चार वर्षांपूर्वी मी जी फेकून द्यायला सांगितली होती, ती. हळद पार उडालेली, पावडर पांढरी शुभ्र, तळाशी, म्हणजे तुमच्या रीतीनं बुचावर, शांत बसलेली.

बाटलीवर चिठ्ठी होती. माझ्या लॅबचा नियम तुम्हीच मुलांना घोकून घ्यायचात. चिठ्ठीशिवाय बाटली ठेवायची नाही आणि चिठ्ठीवर तीन ओळी भरल्याशिवाय चिठ्ठी चिकटवायची नाही, नमुना, घटक, करणार. तिसरी ओळ कुणी विसरलं की तुम्ही बाटली परत द्यायचात, "केलं कोन हे नको का समजाले?" तुमच्या त्या ठळक, थोड्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

नमुना: १७
घटक: पांढरी पावडर, पाणी, दारू, प्लॅटिनम, हळद, लोणी (जराक)
करणार:

पुढं काही नाही. कोरं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्या म्हनलंतं त्याईले, नाव लिवा न आपलं. काहून रिकामं ठेवता? तर म्हने, थे मॅडम लिहीन."

भाऊ, चार वर्षं तुम्ही माझ्या समोर भांडी घासलीत, चहा दिलात, डबे वाहिलेत, थट्टा केलीत आणि ही बाटली घरात ठेवून वाट पाहिलीत. एकदाही मागितलं नाहीत. मागितलं असतंत तर मी काहीतरी सबब सांगितली असती, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून असेल. किंवा मी आज ना उद्या लिहीनच, याची तुम्हाला खात्री होती. मला ती खात्री नव्हती. तुमची होती म्हणून मी आज एवढं लिहू शकले.

तिथंच, वहिनींच्या चुलीपाशी बसून मी पर्समधून पेन काढलं आणि तिसरी ओळ भरली. देविदास राठोड. अक्षर तुमच्याइतकं ठळक नाही. तुम्ही चालवून घ्याल.

काल सरांना फोन केला. पिवळ्या जाळीवरचा लेख छापायला जातो आहे, त्यात दुसरं नाव तुमचं असेल, असं सांगितलं. सर म्हणाले, "परिचराचं? का?" मी सगळं सांगितलं; हळद, शिंगं, तांबडा बैल, आणि मी काय बोलले तेही.   मग सरांनी विचारलं, "लोण्यानं काही फरक पडला असेल का हो?" तुम्ही हे ऐकायला हवं होतं. तुम्ही नक्की म्हणाला असता, लावून पाहा न सर. एवढ्या लांबच्या नागपुरातही आता तुमचा वाद सुरू झाला आहे. मुलांनाही सांगितलं, त्याच लॅबमध्ये, त्याच जागी उभं राहून. त्या दिवशीची मुलं केव्हाच पास होऊन गेली. म्हणून या मुलांना ते मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, माझं वाक्य न गाळता. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही असं बोललात?" मी म्हटलं, हो, मीच.

आणि तुमचा दुसरा वाद, निव्वळ पाण्याचा, तोही मी हातात घेतला आहे. कालपासून एक बाटली दिव्याखाली आहे, मिथेनॉल नाही, काही नाही, पिवळी पावडर आणि पाणी. बुडबुडा एकही नाही. पावडर मजेत झोपली आहे. उद्या पाहू बरं.

आत्ता संध्याकाळचे सहा वाजत आले आहेत. तुमच्या तांड्याकडून घुंगरांचा आवाज येतो आहे, कुणाच्या तरी बैलांची खांदशेकणी चालली असणार. वहिनींकडून तुमची पितळी डबी मागून आणली आहे. दिव्याच्या दांडीला हळद-लोणी लावलं. ढवळणीला लावलं. बाटलीच्या गळ्याला लावलं, फक्त बाहेरून. तेवढं तरी मी शिकले. बोटं पिवळी झाली आहेत आणि ती मी उन्हात धरणार नाही.

खांदा शेकायचा तो वर्षभर राबणाऱ्याचा, असं तुम्ही म्हणायचात. मग दिवा झाला, ढवळणी झाली, बाटली झाली आणि सगळ्यात जास्त राबलेला खांदा राहूनच गेला. तुमचा कामाचा खाकी कोट अजून लॅबच्या खुंटीवर तसाच लटकतो आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर, डबा अडकवायची पट्टी घासून घासून जिथं कापड विरलं आहे तिथं, मी हळद लावली. हलक्या हातानं, तुम्ही लावायचात तशी.

देविदासभाऊ, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.